कितवा?

धोंडू धुरी सरांनी महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर पहिलीचे वर्ग घेतले. पन्नास पोरं एकदम रडायला लागली तरी सर डगमगत नसत. कोणाला आई आठवते आहे, कोणाची पेन्सिल हरवली आहे आणि कोण नुसतं शेजारचा रडतो म्हणून रडतंय, हे ते आवाजावरून ओळखत. भीती त्यांना वाटायची ती मोठ्या माणसांची. बँकेतल्या खिडकीची, रिक्षावाल्याच्या मानेची, सोसायटीच्या सेक्रेटरीची. म्हणून त्यांच्या श्रुतिकाची मैत्रीण अनुपमा हिचा फोन आला तेव्हा, ती मुलीच्या वयाची असूनही, सर उभे राहून बोलले.

"काका, मी बंगलोरला अडकलेय. सुट्टी थेट लग्नालाच. श्रुतिकाचा ब्रायडल शॉवर तुम्ही करायचा. सरप्राइज! तिला अजिबात कळता कामा नये."

"मी? काकूंना सांगू का?"

"काकूंच्या पोटात काही राहतं का? तुम्हीच करा. आपल्या केळवणासारखंच असतं हो. फक्त बायका, फुगे आणि गंमत. तुमच्या जावयाशी, दिपेशशी, बोललेय मी, तो तिला बरोबर घेऊन येईल. कराल ना?"

नाही म्हणायला जी हिंमत लागते ती नसल्यामुळे सर 'हो' म्हणाले. जगातली बरीच कामं अशीच अंगावर घेतली जातात.

बायकोला, म्हणजे नलिनीताईंना, त्यांनी हे पाचच मिनिटांत सांगून टाकलं. ताईंनी कणीक मळता मळता पहिलाच मुद्दा काढला. "केळवण नातेवाईक करतात. मामा, मावशी, आत्या. मुलीच्या आईबापांनीच मुलीचं केळवण केल्याचं कधी ऐकलंय का? लोक म्हणतील यांना कोणी विचारत नाही, म्हणून स्वतःच जेवतात."

"केळवण नाही गं, शॉवर."

"मग तसं सांगा लोकांना. शॉवर म्हणा."

या सल्ल्यात काही वावगं नव्हतं. पण शब्द हा लहान मुलासारखा असतो. एकट्याला रस्त्यावर सोडला तर तो कोणाचा हात धरून कुठे जाईल सांगता येत नाही.

मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ हे सगळ्यांचेच भाऊ होते, पण भावासारखे कोणाशीच वागत नसत. सर त्यांच्या टेबलापुढे उभे राहिले. श्रुतिका घरीच होती, आणि ऑफिसची खिडकी जिन्याकडे उघडत होती, म्हणून सर जवळजवळ कानात बोलले.

"भाऊ, शनिवारी संध्याकाळी श्रुतिकाचा शॉवर करायचाय."

"नवीन बसवताय की जुना बदलताय?"

सर विचारात पडले. "नवीनच म्हणायचा. आमच्यात आधी कोणी केलेला नाही."

"शनिवारी संध्याकाळी तोडफोड चालणार नाही. आणि खालच्या घरात गळती झाली तर जबाबदार कोण?"

"गळती कशाला होईल? बायकाच असणार सगळ्या. पंचवीस-तीस."

भाऊंनी चष्मा काढला. "एका बाथरूममध्ये?"

"बाथरूममध्ये नाही हो! हॉलमध्ये. आपल्या सोसायटीच्या."

"हॉलमध्ये शॉवर!" भाऊ खुर्चीतून उठलेच. "धुरी सर, तुम्ही शिकली-सवरलेली माणसं! हॉलच्या खाली मीटर रूम आहे. शॉक लागून बिल्डिंग जाईल सगळी!"

आपल्या हातून बिल्डिंग जाते की काय असं सरांना खरंच वाटून गेलं. मग त्यांनी वर्गात नव्या शब्दाचा अर्थ समजावतात तसा शांतपणे समजावला. लग्नाआधी मैत्रिणी जमतात, नवरीवर भेटींचा वर्षाव करतात, म्हणून त्याला शॉवर म्हणतात. भाऊंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "म्हणजे पाण्याचा नाही ना? तसं लेखी द्या."

सरांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, 'सदर शॉवरमध्ये पाण्याचा वापर केला जाणार नाही.' हॉलला रंग काढायचं काम चालू असल्यामुळे गच्ची मिळाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस बोर्डावर भाऊंच्या सहीनं कागद लागला, 'शनिवारी सायंकाळी गच्ची बंद राहील. कारण : कु. श्रुतिका धुरी यांचा शॉवर.'

सर दूध आणायला खाली उतरले आणि कागद बघून जागच्या जागी थिजले. थोड्याच वेळात श्रुतिका अंधेरीच्या ऑफिसला जायला याच बोर्डासमोरून जाणार होती. सरांनी आजवर दुसऱ्याच्या खडूलाही हात लावला नव्हता. त्या सकाळी त्यांनी चार टाचण्या उपटल्या आणि कागद दुधाच्या पिशवीत कोंबला. वळून बघतात तर मागे वॉचमन.

"क्या हुआ, सर?"

"शुद्धलेखन," सर म्हणाले. "शुद्धलेखन तपासतो."

वॉचमननं मान हलवली आणि ही हकीकत पहिल्या मजल्यापासून वरपर्यंत पोहोचवली. मुलीच्या शॉवरची नोटीस बापानं चोरून काढली. आता विचार करा, तुमच्या-आमच्या सोसायटीतल्या माणसांना दोनच शॉवर ठाऊक. एक नळाचा. दुसरा, आजकाल प्रत्येक डोहाळजेवणाच्या फोटोत पोटावर पट्टा बांधून मिरवतात तो बेबी शॉवर. नळाच्या शॉवरची नोटीस कोणी चोरत नाही.

याची सरांना काही कल्पना नव्हती. दुपारी गच्ची पाहायला म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई शिरल्या. शांताबाई मूळच्या मालवणकडच्या, म्हणजे सरांच्याच मुलखातल्या. त्यामुळे सरांना त्यांची भीती जरा जास्तच वाटे. बाईंनी सरांकडे खालून वर पाहिलं, दार लागेपर्यंत धीर धरला आणि हळू आवाजात विचारलं, "सर, कितवा?"

सरांचा हात बटणावरच होता. "सातवा," ते म्हणाले.

शांताबाईंनी हात गालाला लावला. "अगो बाय माझे! आणि लग्न?"

"पुढच्या महिन्यात."

"जमतला?"

"जमवायलाच हवं. पत्रिका वाटून झाल्या."

"पण वरून काय दिसना नाय हो."

सर खूश झाले. आपली गुप्तता यशस्वी होत होती. "दिसताच कामा नये! सगळं गुपचूप चाललंय."

"श्रुतिका काय म्हणता?"

"तिला अजून पत्ताच नाही!"

शांताबाईंचा तिसरा मजला आला, दार उघडलं, पण बाई हलल्या नाहीत. "तिकाच पत्तो नाय?" त्यांनी दुसराही हात गालाला लावला. "आणि जावय?"

"दिपेशला सगळं माहीत आहे. त्याच्याशिवाय झालंच नसतं," सर म्हणाले आणि बाईंना बाहेर पडता यावं म्हणून त्यांनी अदबीनं दार धरून ठेवलं.

त्या दिवसापासून सोसायटी बदलली. बायका श्रुतिकाला बघितलं की बाजूला होऊन वाट देऊ लागल्या. एकीनं तिच्या हातातली लॅपटॉपची बॅग ओढून घेतली आणि दारापर्यंत पोहोचवली. ज्या भाऊंनी कधी कोणाला लिफ्टमध्ये आधी जाऊ दिलं नव्हतं, त्यांनी तिच्यासाठी लिफ्ट थांबवली आणि वर बजावलं, "जिन्यानं नको हो जाऊस." श्रुतिका घरी येऊन म्हणाली, "बाबा, आपली बिल्डिंग अचानक एवढी सुधारली कशी?" सरांना वाटलं, लग्न ठरलेल्या मुलीबद्दल सगळ्यांना माया असते. माणसं मुळात चांगलीच असतात, आपण उगाच घाबरतो.

सजावटीचं काम चैतन्य नावाच्या डेकोरेटरकडे होतं. त्यानं फोनवर विचारलं, "शॉवरचं आहे ना? पिंक की ब्ल्यू?"

"दोन्ही चालतील का?"

"चालतील ना. बरोबर आहे तुमचं. आधी सांगता येतच नाही, कायद्यानं गुन्हा आहे."

फुग्यांच्या रंगावर कायदा झाल्याचं सरांनी वाचलं नव्हतं. ते घाबरून म्हणाले, "गुन्हा होईल असं काही करू नका हं. दोन्ही लावा."

स्फोट शुक्रवारी झाला. सर पोथी वाचत बसले होते. नलिनीताई बाहेरून आल्या त्या पदरात काहीतरी घेऊन. त्यांनी ते सरांपुढे ओतलं. चिंचा, आवळे, दोन कैऱ्या.

"हे काय?"

"जिन्यात बायका देतायत मला. म्हणे, मुलीला द्या. अहो, तुम्ही लिफ्टमध्ये शांताबाईंना काय सांगितलंत?"

"काही नाही. त्यांनी विचारलं कितवा, मी म्हणालो सातवा."

"कितवा काय?"

"मजला!"

"आणि त्या विचारत होत्या महिना!"

सरांनी चष्मा काढून खाली ठेवला. मजला, पुल्लिंगी. महिना, तोही पुल्लिंगी. ज्या व्याकरणाची त्यांनी इतकी वर्षं सेवा केली, त्यानंच दगा दिला होता. बाईंनी 'कितवी' विचारलं असतं किंवा 'कितवं', तर माणूस सावध झाला असता. मग त्यांना पुढचा संवाद ओळीओळीनं आठवू लागला. वरून दिसत नाही. दिसताच कामा नये. तिला अजून पत्ताच नाही. आणि ते शेवटचं वाक्य आठवलं तेव्हा सर खुर्चीवरून उठले आणि उगाचच मोरीत जाऊन पाय धुऊन आले.

"नलिनी, मी आता जाऊन सांगतो त्यांना."

"सगळ्या बिल्डिंगला दारोदार जाऊन सांगणार? जेवढं सांगाल तेवढं लोक म्हणतील, झाकतायत. आणि श्रुतिकाच्या सासरी गेलं असेल तर?"

सासर! दिपेशची आई पार्वतीबाई वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. मासळीबाजारात त्यांची जागा. त्या साधं 'या बसा' म्हणाल्या तरी पलीकडच्या गाळ्यातली माणसं बसत. साखरपुड्यात त्यांनी सरांच्या पाठीवर कौतुकानं थाप मारली होती, ती सरांना दोन दिवस पुरली होती. कुठून हे स्थळ मिळालं आणि किती चांगलं मिळालं! दिपेश सोन्यासारखा मुलगा. श्रुतिका त्याचं नाव घेताना अजून लाजते. हे सगळं आता आपल्या एका शब्दानं मोडणार.

एवढ्यात फोन वाजला. पार्वतीबाईच होत्या.

"मास्तर, मना कललाय," त्या म्हणाल्या. "शांताबाईची भयीन माझं गिऱ्हाईक हाय. उद्या आमी येताव. सगल्या जनी."

आणि फोन बंद झाला.

सगळ्या जणी! सरांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. साखरपुड्याची अंगठी परत येते आहे. पार्वतीबाई गच्चीवरून बोलतायत आणि ते ठाण्यापर्यंत ऐकू जातंय. श्रुतिका मधोमध उभी आहे आणि तिला काही कळत नाही. मग सरांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. पाठटाचण काढलं. उद्दिष्ट : गैरसमज दूर करणे. प्रस्तावना : एक सोपं उदाहरण. विषय प्रतिपादन : 'कितवा' या शब्दाचे विविध उपयोग. पहिलीच्या पोराला जे समजावता येतं ते विहीणबाईंनाही समजावता येईल, असा धीर ते स्वतःला देत राहिले. धीर काही येईना.

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर पाय ठेवला आणि उरलासुरला धीरही गेला. निळे आणि गुलाबी फुगे छान होते. पण मधोमध फुलांनी मढवलेला पाळणा टांगला होता आणि त्यावर भलंमोठं बॅनर होतं, 'राजकुमार की राजकुमारी?'

"उतरव ते!" सर चैतन्यला म्हणाले.

"उतरवता येत नाही, सर. पाळणा त्यालाच बांधलाय. बॅनर काढलं की पाळणा खाली."

बायका जमू लागल्या होत्या. शांताबाई अगदी पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एका टेबलावर अनुपमाला मोबाइलवर उभं करून ठेवलं होतं, पण तिचं चित्र अर्धवट हसू घेऊन गोठलं होतं. आणि मग जिन्यातून बांगड्यांचा आवाज आला. पार्वतीबाई वर आल्या. अंगावर सोनं, केसांत अबोलीचा गजरा, कमरेला खोचलेलं लुगडं. मागे दहा-बारा जणी, प्रत्येकीच्या डोक्यावर झाकलेलं पातेलं. त्यांनी बॅनरकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं आणि सरळ त्यांच्याच दिशेनं चालू लागल्या.

सरांनी चैतन्यच्या हातातला माइक घेतला. घेतला म्हणजे बुडत्यानं काहीतरी धरावं तसा धरला.

"नमस्कार. आजचं... आजचं उद्दिष्ट. समजा, एक मुलगा आहे. त्याला आपण विचारलं, कितवा? तर तो काय सांगेल?"

"नंबर," कोणीतरी म्हणालं.

"शाब्बास. आणि लिफ्टमधल्या माणसाला विचारलं तर?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "सरांना लागलंय मनाला," एक जण कुजबुजली. "साहजिक आहे, बापच तो." पार्वतीबाई आता समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या, कमरेवर हात ठेवून. प्रस्तावना संपली. विषय प्रतिपादन सरांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. सगळे चेहरे त्यांच्या मुलीबद्दल काहीतरी धरून बसले होते आणि ती आत्ता कुठल्याही क्षणी वर येणार होती. सरांनी डोळे मिटले आणि सगळी ताकद लावून ओरडले,

"माझी मुलगी गरोदर नाही!"

माइक किंचाळला. शेजारच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. सरांनी डोळे उघडले, तर गच्चीच्या दारात दिपेश आणि श्रुतिका उभी होती. श्रुतिकाच्या हातात तिची बॅग तशीच लोंबकळत होती.

"बाबा?"

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल जिवंत झाला आणि अनुपमा बंगलोरहून आनंदानं ओरडली, "सरप्राइज!"

पुढचं काम शांताबाईंनी केलं. त्या उठल्या आणि भीत भीत म्हणाल्या, "मगे सातवो म्हणून कोणी सांगितल्यान?"

"मजला," सर म्हणाले. "मी मजला सांगितला. लिफ्टमध्ये होतो आपण."

ही गोष्ट उलगडायला थोडा वेळ गेला, कारण प्रत्येक बाई ती शेजारणीला सांगत होती आणि शेजारीण पुढच्या शेजारणीला. कोणी हसायला लागलं. कोणी तोंडाला पदर लावला. दिपेश लालबुंद होऊन पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला. सर मात्र एकाच चेहऱ्याकडे बघत होते. पार्वतीबाई हसत नव्हत्या.

"म्हंजे नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. देवाशपथ नाही."

पार्वतीबाई मटकन पुढच्या खुर्चीत बसल्या. "आमी रातभर जागलू, मास्तर. पापलेट, कोलंबी, तांदलाचे भाकरी. हिरवा लुगडा आनला. हिरव्या बांगड्या. सगल्या आळीला सांगून आयलू."

सरांना काही समजेना. "तुम्ही... रागावला नव्हता?"

"राग कनचा?" बाईंचा आवाज चढला आणि सर नकळत एक पाऊल मागे सरकले. "पोरगी आमची, पोरगा आमचा. नातू वरातीआधी आयला काय नि मागून आयला काय, मी दोघांना ओवालून घरान घेतला असता. लोकांनी काय बोलाचा ता माझे समोर येऊन बोलाचा!" असं म्हणून त्यांनी गच्चीवरच्या यच्चयावत बायकांवरून एक नजर फिरवली. बऱ्याच जणींना त्याच वेळी फुगे बघावेसे वाटले.

मग त्यांनी श्रुतिकाला हाताला धरून पाळण्याखाली बसवलं. "हिरवा चुडा लग्नालापन लागतो. भर हात. जेवन बी फुकट नाय जाणार. आजचा आमचे कडचा केलवन समजा." सासरच्यांनीच सुनेचं केळवण करावं हे कुठल्या रीतीत बसतं, असा प्रश्न नलिनीताईंच्या ओठांवर आला होता. पण पातेल्यांची झाकणं उघडली आणि तो तिथेच विरला.

सर कठड्याला टेकून उभे होते. हातभर बांगड्या वाजवत श्रुतिका त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. ती रागावलेली आहे की हसते आहे, हे त्यांना कळेना. तिच्याकडे बघायचीही भीती वाटत होती.

"अनुपमाला सरळ 'नाही' का म्हणाला नाहीत, बाबा?"

"भीती वाटली."

"आणि माइकवरून सगळ्या मुलुंडला ते ओरडून सांगायची नाही वाटली?"

"वाटली तर. फार वाटली," सर म्हणाले. "पण तुझ्याबद्दल बोलत होते ना गं सगळे."

श्रुतिकानं त्यांचा कापणारा हात आपल्या हातात घेतला आणि कापायचा थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"ओ मास्तर!" गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडून पार्वतीबाईंनी हाक मारली. माइक त्यांच्या हातात होता, पण तो बंद आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. "तिकडं काय उभं राहिलाव? कोलंबी थंड झाली तर माझेशी गाठ हाय!"

सर घाबरून पुढे झाले आणि पहिल्या पंगतीला जाऊन बसले.